डोक्याकडचे दोन खिळे

लिहून ठेवणार मी, आमोस यहोशवा भिंगारदिवे, वय वर्षे त्र्याहत्तर, धर्म ख्रिस्ती, धंदा सुतारकाम, राहणार मौजे खडकदरा, तालुका पारनेर, जिल्हा अहिल्यानगर (तोंडात अजून नगरच येतं). माझं डोकं ठिकाणावर आहे, स्मरण शाबूत आहे आणि हे मृत्युपत्र मी कोणाच्या दबावाखाली लिहीत नाही. पारनेरच्या वकीलबाईंनी दिलेल्या नमुन्यात "निर्भयपणे" असाही एक शब्द होता. तो मी खोडला. देवाला स्मरून लिहायच्या कागदावर खोटं कशाला? मला भीती वाटते, आणि हा कागद मी भीतीपोटीच लिहीत आहे.

लिहिण्याचं कारण असं. यंदा थंडीत मानेखाली कळा सुरू झाल्या, हाताला मुंग्या येऊ लागल्या. मुलगा पॉल पुण्याहून आला आणि मला नगरच्या एका मोठ्या दवाखान्यात घेऊन गेला. तिथं एमआरआय नावाचं यंत्र आहे. माणसाला आडवं करून नळीत सरकवतात. माझं डोकं आत गेलं, खांदे गेले, आणि छत नाकाजवळ आलेलं दिसलं तसा मी ओरडत बाहेर निसटलो. त्या दवाखान्याच्या झग्यातच जिना उतरून रस्त्यावर आलो. डॉक्टर म्हणाले, "काका, यात गेल्याशिवाय काय झालंय ते कळणार नाही." मी म्हणालो, मग नाही कळलं तरी चालेल. तेव्हापासून अंग उतरत चाललं आहे. काय झालंय ते यंत्राला ठाऊक नसलं तरी मला अंदाज आहे.

१) राहतं घर, दोन खोल्या व पुढची शेड, पॉल आणि मुलगी नॅन्सी यांनी निम्मंनिम्मं घ्यावं. मागच्या खोलीच्या दाराला आतून कडी नाही. ती मी लग्नाच्या वर्षीच काढली. माझी पत्नी सारा जन्मभर त्यावरून बोलत राहिली. "अहो, देवावर इस्वास हाय ना तुमचा? मग लावा की कडी. रातभर कुत्री येत्यात घरात." मी म्हणायचो, कुत्र्यांवर माझा विश्वास आहे. घर विकलं तर विकावं, पण मला माती देईपर्यंत त्या दाराला कोणी कडी बसवू नये.

२) बँकेत जे असेल तेही दोघांचं. त्यावरून भांडू नये, भांडण्याइतकं ते नाही.

३) चुलतभाऊ वाल्मिक यास माझा मोठा टॉर्च द्यावा. आम्ही लहान असताना घरामागच्या पेवात, म्हणजे जमिनीखालच्या ज्वारीच्या खड्ड्यात, मला दोर बांधून उतरवलं होतं, आणि याने गंमत म्हणून वरून झाकण सरकवलं. किती वेळ गेला ते मला ठाऊक नाही. तो म्हणतो, पाणी प्यायला जाऊन आला तेवढाच. माझ्या मते मी अजून पुरता बाहेर आलेलो नाही. त्याला मी क्षमा केली आहे, प्रार्थनेत दर आठवड्याला करतो, आणि दर आठवड्याला पुन्हा करावी लागते. टॉर्चचे सेल नवे घालून द्यावेत.

४) नॅन्सी राजूरला परिचारिका आहे. माझा श्वास थांबला असं कोणी म्हटलं तरी ती येऊन स्वतः नाडी बघेपर्यंत मला मेलेला धरू नये. घाट उतरून यायला तिला वेळ लागेल, एसटी चुकेल, तरी थांबावं. तोवर दारं-खिडक्या उघड्या ठेवाव्यात. मंडळीतल्या, म्हणजे आमच्या चर्चमधल्या, भगिनींनी भोवती गर्दी करून गाऊ नये. गायचं असेल तर ओट्यावर गावं, मला तिथून ऐकू येईल.

५) आता मुख्य गोष्ट. आमच्या मंडळीत कोणी गेलं की पेटी मीच करायचो. माझ्या वडिलांनी शिकवलं होतं, झाकणाला सहा खिळे. दोन पायाशी, दोन मध्ये, दोन डोक्याकडे. सर्वांनी शेवटचं तोंड बघितलं की मी झाकण ठेवायचो आणि खिळे मारायचो. पायाकडचे मारले, मधले मारले. डोक्याकडचे मला पहिल्या पेटीपासून मारता आले नाहीत. हातोडा उचलला की पेवातला तो काळोख माझ्याच तोंडावर यायचा. म्हणून मी खिळ्यांची टोकं कापून नुसते माथे तयार ठेवायचो आणि ते लांबीने, म्हणजे सुताराच्या चिकट लगद्याने, भोकांवर बसवायचो. बघणाऱ्याला सहा खिळे दिसायचे. मारलेले चारच असायचे.

म्हणजे खडकदऱ्याच्या कबरस्तानात माझ्या हातच्या पेटीतून गेलेली जेवढी माणसं आहेत, त्यांची डोकी मोकळी आहेत. हे इतकी वर्षं फक्त माझा भागीदार हनुमंत याला माहीत होतं. मी कोणाची माफी मागत नाही. दर रविवारी आपण उभे राहून म्हणतो की शरीराचं पुनरुत्थान होणार यावर आमचा विश्वास आहे. होणार असेल, तर उठणाऱ्याच्या कपाळाला फळी लागू नये एवढंच मी पाहिलं.

हनुमंत माळकरी आहे. तो मला हसतो. "आमोसभाऊ, तुमी आमच्यात या. आमच्यात जाळत्यात. राख कोंडून ठिवायची भानगडच न्हाई." मी त्याला सांगितलं, मला विस्तवाचीही भीती वाटते. तो म्हणाला, "मग तुमी मरूच नका. लई घोळ हाय तुमचा."

६) करवत, रंधे, पटाश्या, सामता, गुण्या, वाकस, सगळी हत्यारं हनुमंतची. शेडमधलं लाकूड त्यानेच सांभाळावं, आणि ज्या घरी पेटी करायची ऐपत नसेल त्यांना ते द्यावं, मग घर कोणत्या मंडळीचं आहे ते विचारू नये. माझी पेटी त्यानेच करावी. कडुनिंबाच्या फळ्या भिंतीशी उभ्या करून ठेवल्या आहेत. उंची नेहमीपेक्षा वीतभर जास्त घ्यावी. लाकूड वाया जातं असं कोणी म्हटलं तर जाऊ द्यावं. झाकणही त्यानेच लावावं. चार खिळे, दोन माथे. (त्याला हत्यारं मिळणार म्हणून तो या कागदावर साक्षीदार होऊ शकत नाही, असं वकीलबाई म्हणाल्या. त्याला वाईट वाटलं. त्याने सहीची तालीम केली होती.)

७) हत्यारांतली एक वस्तू मात्र हनुमंतला द्यायची नाही. खिळे उपटायची अंबूर, वडिलांच्या हातची, जिच्या दांड्याला मी निळी पट्टी गुंडाळली आहे ती. ती माझ्याबरोबर पेटीत, माझ्या उजव्या हातात ठेवायची आहे. याचं कारण लिहितो.

सारा चार वर्षांपूर्वी गेली. तिची पेटी मी केली. बायकोची पेटी करू नका असं सगळे म्हणाले, पण दुसऱ्या कोणी केली असती तर सहा खिळे मारले असते. मी चार मारले आणि दोन माथे बसवले. लांबी वाळायला वेळ मिळाला नव्हता. कबरस्तानात पेटी खांद्यावरून खाली ठेवताना धक्का बसला आणि एक माथा निघून पडला. पॉलने तो पाहिला. "पप्पा, खिळा निघाला. तुमचा हात थरथरत होता, राहू द्या, मी मारतो." कबर खणणाऱ्याच्या पिशवीतून त्याने हातोडा घेतला, लांब खिळे घेतले, आणि दोन्ही ठोकले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं तरी एक घाव चुकला नाही. मीच शिकवलेला हात होता. आजूबाजूचे म्हणाले, मुलाने आईची शेवटची सेवा केली.

मी तिथंच उभा होतो. थांब म्हणायला तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. शे-दीडशे माणसांपुढं काय सांगणार होतो? की आजवरच्या सगळ्या पेट्या मी मोकळ्या ठेवल्या आहेत? लोकांनी आपापल्या माणसांच्या कबरी उकरल्या असत्या. मी गप्प बसलो आणि माती पडली.

म्हणून आज खडकदऱ्याच्या कबरस्तानात माझ्या हातची एकच पेटी सहाही खिळ्यांनी बंद आहे, आणि ती माझ्या बायकोची आहे. जिने माझ्यासाठी जन्मभर उघड्या दाराच्या खोलीत कुत्र्यांची भीती सोसली, तीच आत कोंडलेली आहे. मला झोप लागत नाही ती माझ्या मानेमुळे नाही. हनुमंत म्हणाला होता, "वयनींची पेटी हळूच उकरून बगू का? कुनाला कळनार न्हाई." मी अंबूर घेऊन कबरेपाशी गेलोही होतो. पण तिथं गवत उगवलेलं होतं, आणि ते उपटायची माझी छाती झाली नाही.

आमचे पाळक रेव्ह. बिभीषण वैरागर यांना मी हे कलम आधी दाखवलं. ते रागावले. म्हणाले, "आमोसभाऊ, पेटीत हत्यार ठेवायचं म्हणजे ही अंधश्रद्धा झाली. मंडळी काय शिकणार यातून? ज्याने आकाश-पृथ्वी केली त्याला तुमच्या अंबुरीची गरज आहे?" मी म्हणालो, त्याला नाही, पण बायबलातली लाजाराची गोष्ट आठवा. प्रभूने मेलेल्याला हाक मारली आणि तो उठला. तेवढं काम प्रभूने केलं. पण त्याआधी कबरेवरची धोंड कोणी काढली? प्रभूने माणसांना काढायला सांगितली. नंतर त्याची गुंडाळलेली वस्त्रं कोणी सोडली? तीही माणसांनाच सोडायला सांगितली. जे आपल्याला जमत नाही ते तो करतो. जे जमतं ते तो आपल्यावरच ठेवतो. खिळा उपटणं मला जमतं. शेवटच्या दिवशी कर्णा वाजेल तेव्हा साराला तो हाक मारील याबद्दल मला शंका नाही. पण तो वळून माझ्याकडे बघेल आणि म्हणेल, आमोस, तू सुतार ना? मग उघड. त्या वेळी माझा हात रिकामा असला तर?

पाळकसाहेब विचार करतो म्हणाले.

म्हणून माझी कबर साराच्या डाव्या अंगाला खणावी. उजवा हात तिच्याकडे राहील अशा बेताने मला ठेवावं.

८) पॉल, हे तुझ्यासाठी. तू चार वर्षं विचारतोस, पप्पा माझ्याशी धड का बोलत नाहीत, पुण्याला का येत नाहीत. तुझ्या घराच्या खिडक्या बंद असतात हे एक कारण मी सांगत आलो. दुसरं हे आहे. तुझा दोष नाही. तुला माहीत नव्हतं आणि मी बोललो नाही. तू जे केलंस ते प्रेमाने केलंस, आणि तुझ्या आईला ते तसंच पोचलं असेल. पण तू समोर आलास की माझ्या कानात ते घाव सुरू होतात, म्हणून मी उठून शेडमध्ये जातो. हे तोंडाने सांगायला मी घाबरतो. माझ्या पेटीशी तू उभा राहा, अंबूर माझ्या हातात आहे ना ते बघ, आणि हातोड्याला हात लावू नकोस.

९) मला कोणी विचारलं की एवढी वर्षं देवळात जाऊन भीती गेली नाही का, तर नाही गेली. आज शनिवार आहे. काल गुड फ्रायडेला आपण प्रभूचे वधस्तंभावरचे सात उद्गार ऐकले, उद्या ईस्टरच्या पहाटे कबरस्तानात मेणबत्त्या लावून उठला उठला म्हणून गाऊ. आजच्या दिवसाबद्दल कोणी उपदेश करत नाही. आजच्या दिवशी प्रभू कबरेच्या आत होता, आणि बाहेरून धोंड लावलेली होती, वर मोहोरही केलेली. भ्यायला झालं असेल का त्याला? धरून नेण्याआधी बागेत तर तो घाम गाळून भ्याला होता, हे आपण वाचतो आणि पुढं जातो. मी पुढं जात नाही, मी तिथंच थांबतो. माझा सगळा विश्वास या एका दिवसावर आहे, की जिथं मला कोंडतील तिथं तो आधी कोंडून आलेला आहे. तरी छत जवळ आलं की मी ओरडणार. त्याने ते ऐकून घ्यावं.

१०) या मृत्युपत्राची अंमलबजावणी नॅन्सीने करावी. याआधी मी दुसरं मृत्युपत्र केलेलं नाही. वर लिहिलेलं सगळं माझ्या हाताने लिहिलं, साक्षीदारांना वाचून दाखवलं, आणि त्यांच्यासमोर सही केली.

ठिकाण: खडकदरा, शेडमध्ये, दार उघडं ठेवून
दिनांक: १९ एप्रिल २०२५

(सही) आमोस यहोशवा भिंगारदिवे

साक्षीदार पहिली: लंकाबाई श्रीमंत साळवे, शेजारीण. आमोसभाऊंनी माझ्यासमोर सही केली. मी रडले म्हणून शाई थोडी पसरली आहे, खाडाखोड समजू नये.
(सही) लंकाबाई

साक्षीदार दुसरा: रेव्ह. बिभीषण वैरागर, पाळक, खडकदरा मंडळी. आमोसभाऊंनी शुद्धीत व समजून माझ्यासमोर सही केली. कलम सात मला मान्य नाही, असं मी त्यांना सांगितलं होतं. आज सही करण्याआधी मी त्यांना एवढंच विचारलं की माझ्या वडिलांची पेटी तुम्हीच केली होती ना. ते म्हणाले, "व्हय. मोकळी हाय." अंबूर त्यांच्या हातात मी स्वतः ठेवीन.
(सही) बिभीषण वैरागर