एकोणनव्वदचा डॉलर आणि वेंडेलचा शब्द

मी, लिओना मारी एचेमेंडी, कै. ऑगस्टिन ऊर्फ गस एचेमेंडी यांची पत्नी, वय चौऱ्याऐंशी, पूर्वीचा धंदा जुन्या नाण्यांची खरेदी-विक्री, राहणार कार्सन सिटी, नेवाडा, हे मृत्युपत्र कोणाच्या सांगण्यावरून नव्हे तर स्वतःच्या मर्जीने करून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण सही गुडघ्याने करायची नसते. यापूर्वीची माझी दोन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत. ती रागात केली होती. हे शांतपणे केले आहे, तरी थोडाफार राग यातही सापडेल.

कलम १. राहते घर मुलगी माइते हिला. पूर्वेकडच्या खोलीचे छप्पर गळते. ते आपण नवे घातले अशी तिच्या वडिलांची शेवटपर्यंत समजूत होती. घातलेले नाही. कारण कलम ५ मध्ये वाचावे आणि मगच मला नावे ठेवावीत.

कलम २. बँकेतील शिल्लकही माइतेचीच. त्यातून माझ्या दफनानंतरचे जेवण घालावे. मेंढीच्या मटणाचा रस्सा, घेवडा, पाव आणि तांबडी वाइन. माझ्या वडिलांनी या डोंगरांत मेंढ्या राखल्या. त्यांच्या मुलीच्या मागे लोकांनी थंडगार सँडविच चघळलेले मला चालणार नाही.

कलम ३. दुकानातील तराजू, ट्रे आणि काचेचे कपाट आमच्या नाणे मंडळाला. पुतण्या रेमंड याला माझी तांब्याची सर्व भांडी. याने अठराशे एक्याऐंशीचा सुंदर काळवंडलेला डॉलर टूथपेस्टने घासून लखलखीत केला आणि वर माझ्याकडे शाबासकी मागितली. नाण्यावरचा काळेपणा हे त्याचे वय असते, घासले की मोल गेलेच, हे त्याला शंभरदा सांगून झाले होते. घासायची इतकी हौस आहे, तर आता भांडी घास म्हणावे.

कलम ४. कार्सन सिटीच्या टांकसाळीत पाडलेल्या चांदीच्या डॉलरांचा आमचा तेरा सालांचा पूर्ण संच जुन्या टांकसाळीच्या इमारतीतील संग्रहालयाला. जिथे पाडले तिथेच परत जाऊ देत. पाटीवर ‘ऑगस्टिन आणि लिओना एचेमेंडी यांजकडून’ असे लिहावे. माझे नाव बारीक अक्षरात घालू नये. सर्व तेरा नाणी अस्सल आहेत याची हमी मी देते, आणि ही हमी देऊ शकणारी मी एकटीच आहे.

कलम ५. आता अठराशे एकोणनव्वद सालच्या डॉलरविषयी. त्या साली आमच्या टांकसाळीत डॉलर थोडे पाडले आणि टिकून राहिले ते त्याहून थोडे. फिलाडेल्फियाच्या त्याच सालच्या डॉलरांना मात्र तोटा नाही, आणि त्यांच्यावर टांकसाळीची खूणही नसते. भामटे त्यांच्या पाठीवर आमच्या कार्सन सिटीची दोन अक्षरे चिकटवून विकतात. गस इतरांची असली नाणी हातभर अंतरावरून ओळखायचा. पण दिव्याखाली अंधार म्हणतात तसे झाले. रीनोत कोणाशी तरी सौदा करून, आपली निळी पिकअप देऊन, त्याने एकोणनव्वदचा डॉलर आणला आणि मंडळाच्या सभेत मिरवला.

घड्याळे दुरुस्त करणारा वेंडेल ट्रेगास्किस हा त्याचा जिवलग, आणि मंडळातली सर्वांत पक्की नजर त्याची. त्याने नाणे उलटे करून भिंगाखाली धरले.

“गस, वाईट वाटून घेऊ नकोस. अक्षरं चिकटवलेली आहेत.”

“तुझे डोळे चिकटलेत लेका! घरी जा आणि घड्याळांना किल्ल्या दे!”

बोलणे तुटले. गसने तो डॉलर संचाच्या खणात बसवला आणि पुन्हा बाहेर काढला नाही. दर रविवारी नाण्याची तेवढी चेहऱ्याची बाजू पाहायचा. एकदा तो न्हाव्याकडे गेला असताना मी पाठ पाहिली. अक्षरांभोवती केसाएवढी रेघ होती. वेंडेलचे खरे होते.

मी गसला सांगितले नाही. त्याचे हृदयाचे ऑपरेशन नुकतेच झाले होते, आणि त्या डॉलरपायी त्याने गाडी दिली होती, मित्रही दिला होता. आईकडून आलेला गार्डनरव्हिलचा जमिनीचा तुकडा मी विकला, पैसे छपराला लागले असे सांगितले, आणि सॅन फ्रान्सिस्कोला जाऊन तेवढाच झिजलेला अस्सल डॉलर घेऊन आले. तो खणात गेला, खोटा माझ्या बटणांच्या डब्यात. पुढच्या रविवारी गस म्हणाला, “बघ लिओना, काय रुबाब आहे!” मी म्हटले, “आहे बाई, आहे.” मला याचा पश्चात्ताप नाही. छप्पर काय, गसची नजर चुकवून बादली ठेवली की भागत असे.

पण गस गप्प बसणारा नव्हे. मंडळाच्या नाताळच्या जेवणाला त्याने संच आणून वेंडेलपुढे आपटला.

“काढ बाहेर. सगळ्यांसमोर बघ. आणि मग बोल.”

वेंडेलने नाणे कडेने धरले, उलटे केले, आणि बराच वेळ पाहत राहिला. मग त्याने मान वर केली, ती गसकडे नव्हे, माझ्याकडे. मी रश्श्याचे पातेले धरून उभी होते. एकदा दिसलेली रेघ नाण्यावरून आपोआप जात नाही, हे त्याला कोणी शिकवायला नको होते. ‘हे ते नाणं नव्हे’ एवढे चार शब्द त्याने उच्चारले असते, तर माझा संसार त्या टेबलावर उघडा पडला असता.

“गस, माझंच चुकलं,” तो म्हणाला. “नाणं अस्सल आहे.”

गसने त्याला मिठी मारली. “जाऊ दे रे, चुकतो माणूस!” दोस्ती पुन्हा जुळली. पण त्या दिवसापासून मंडळात कोणी वेंडेलला नाणे पारखायला दिले नाही. “वेंडेलला दाखवू नका, तो अस्सलाला खोटं म्हणतो,” हा विनोद वीस वर्षे चालला, आणि तो सर्वांत रंगवून सांगायचा माझा नवरा. वेंडेल प्रत्येक सभेला आला, मागच्या खुर्चीत बसला, सर्वांना कॉफी ओतत राहिला. आम्ही दोघे यावर कधीही एक शब्द बोललो नाही. तो विनोद निघाला की मी दरवेळी उठून बाहेर जाई.

कलम ६. बटणांच्या डब्यातील खोटा डॉलर वेंडेल ट्रेगास्किस याला. तसेच माझ्या वकील मिस प्रुइट यांनी यातील पाचवे कलम मंडळाच्या भर सभेत वाचावे. मोठ्याने, कारण निम्मे सभासद बहिरे आहेत. नंतर तो डॉलर भिंगासह हातोहात फिरवावा आणि प्रत्येकाने ती रेघ आपल्या डोळ्यांनी पाहावी. वेंडेलची नजर दोन्ही वेळा बरोबर होती. पहिल्यांदा तो खरे बोलला, दुसऱ्यांदा त्याने मित्र राखला, आणि त्याची किंमत एकट्याने भरली. यामुळे गसच्या नावाला बट्टा लागतो असे कोणाला वाटल्यास त्याने गप्प बसावे. गसचा आरडाओरडा मी साठ वर्षे ऐकला आहे. वर गेल्यावर आणखी ऐकेन.

सहीपूर्वी स्वहस्ते जोडलेला मजकूर. आज मला कचेरीत वेंडेलनेच गाडीतून आणले. दुसरा साक्षीदार हवा म्हणून त्याने आपणहून पेन उचलले. मिस प्रुइट म्हणाल्या, “मिस्टर ट्रेगास्किस, तुम्हाला सही करता येणार नाही. तुमचं नाव आत आहे.”

त्याने पेन हळूच खाली ठेवले. तो नव्वदीला टेकला आहे, पण समजायला त्याला क्षणही लागला नाही.

“लिओना, त्या डॉलरचं असेल तर खोडून टाक. गस सुखात गेला. आणि मला आता सवय झालीय.”

“मला नाही झाली,” मी म्हटले, आणि आता खाली सही करत आहे.

लिओना मारी एचेमेंडी

वरील सही आमच्यासमक्ष झाली. आम्हा दोघांना या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही.

साक्षीदार:
डेलफिना ओरोस्को, वकिलांच्या कचेरीतील कारकून
क्लाइड हॉफमायर, शेजारील फुलांच्या दुकानाचे मालक

कार्सन सिटी, नेवाडा
१२ मे २०१६