निलगिरीवरच्या गाठी

३ मार्च
शेजारची नोरीन कुंपणावरून सांगून गेली - रस्त्याकडेची निलगिरी नगरपालिका तोडणार. "रोग आहे तिला, डल्सी. फांद्या बघ, गाठीच गाठी." खोडावर लाल खूण आहे खरी. आमच्या लग्नाच्या वर्षी क्लेमने लावलेलं झाड. तो जाऊन येत्या जुलैत दोन वर्षं होतील. झाड जाऊ देणार नाही.

४ मार्च
शिडी लावली. नोरीन खालून - "पडलीस तर उचलणार नाही हां. एकोणसत्तरची आहेस, पोपट नाहीस." एक फांदी आणली. बोराएवढ्या गाठी, प्रत्येकीला चार शिंगं. क्लेम म्हणाला असता, "घरात नको ती घाण," आणि पाच मिनिटांत स्वतःच भिंग घेऊन बसला असता.

६ मार्च
मेलबर्नहून मागवलेलं पुस्तक वाचनालयात आलं. गाठीत कीटक असतो. मादी एका जागी बसते, झाड तिच्याभोवती घर वाढवतं. जन्मभर ती बाहेर पडत नाही. नराला पंख, पण तो दोन दिवसांचा पाहुणा. मोठ्या झाडाला यानं काही होत नाही - स्पष्ट लिहिलंय! नोरीनला वाचून दाखवलं. "घर न सोडणारी बाई? माझी सासू."

९ मार्च
नगरपालिकेला पत्र टाकलं. तीन पानं, शिवाय गाठींची चित्रं. नोरीन रुसली - "झाडाला तीन पानं, मला वाढदिवसाला दोन ओळी."

१० मार्च
सवयीनं दोन जणांचं मटण भाजलं.

१६ मार्च
नगरपालिकेचा गार्थ आला. चहाबरोबर मी भाजलेले स्कोन खाल्ले, चित्रांचं कौतुक केलं. मग म्हणाला, "गाठींचा काही संबंध नाही, मिसेस प्रायर. अर्ज तुमच्या घरूनच आलाय. आमच्याकडे पडून राहिला."
त्यानं पुढे केलेल्या कागदावरचं अक्षर क्लेमचं. तो गेला त्याच्या आदल्या महिन्यातलं.
'ही जात वारा नसतानाही फांदी टाकते. मोठी फांदी बायकोच्या झोपायच्या खोलीवर आहे. मी असेपर्यंत लक्ष ठेवीन. नंतर बायको कुणाचं ऐकणार नाही. झाड पाडावे.'
गार्थ म्हणाला, "आता तुम्ही म्हणाल तसं. शुक्रवारपर्यंत कळवा."

१८ मार्च
झाड राहू द्या म्हणून कळवलं. खाट मागच्या खोलीत नेली. तिथून झाड दिसत नाही. चालेल.