हा जोड टिकत नाही

तीर्थरूप नानांस, गुढियारीच्या भास्करचा हात धुऊन, ग्रीस पुसून केलेला नमस्कार.

तिकडे बिलासपूरला तुमची शुगर आणि वहिनींचा गुडघा दोन्ही काबूत असतील अशी आशा आहे. (गुडघ्याबद्दल आमची यामिनी विचारत होती. पोट्टी आता फिजिओथेरपिस्ट आहे. ती माणसांचे सांधे बघते, मी गाड्यांचे. धंदा घरातच राहिला.) फोनच केला असता, पण फोनवर तुम्ही मधेच बोलता, आणि ही हकीकत मधेच तुटली तर चूक माझी होती असा समज होईल. अभनपूरच्या विजयाबाईंनी तुमच्या कानावर काय घातलं ते मला ठाऊक नाही. माझी बाजू अशी.

तुम्ही जमवून दिल्याप्रमाणे मागल्या शनिवारी दुपारी संग्रामराव, विजयाबाई आणि चिरंजीव पुष्कर आमच्या ब्राह्मणपाऱ्याच्या घरी यामिनीला बघायला आले. आले ते पिकपमधून. माणसं किराण्याच्या धंद्यातली. रायपूरला येतोच आहोत तर गुढियारीतून माल भरून न्यावा, म्हणून मागे गुळाच्या भेल्या आणि तेलाचे डबे, पुढे मुलगा आणि आईबाप. मला हे फार आवडलं. (एका फेरीत दोन कामं करणारा माणूस उपाशी मरत नाही.) माझे कान तर तुम्हाला माहीतच आहेत. सतराव्या वर्षी गॅरेजात पाने-पेचकस पुसायला लागलो तेव्हा हाताशी शाळेचा दाखला नव्हता, पण कान होते. बेअरिंग गुणगुणतं, पट्टा किंचाळतो, आणि बॉल जॉइंट, म्हणजे पुढचं चाक ज्यावर वळतं तो सांधा, आपल्या खुब्याच्या हाडासारखा वाटीत बसलेला गोळा, तो जायला टेकला की आधी कण्हतो. वरचं रबर फाटतं, पाणी शिरतं, ग्रीस धुऊन जातं, गोळा वाटीत खुळखुळू लागतो. मालक म्हणतो, "चल तो रही है." मग एक दिवस गोळा निसटतो आणि चाक अडेल बैलासारखं खाली बसतं. आज मोठमोठे वर्कशॉपवाले अडले की गाडी माझ्याकडे पाठवतात, आणि मी खुर्चीतून न उठता नुसतं "वळव" म्हणतो. आमच्या दुकानात या सांध्याला आम्ही 'जोड' म्हणतो. इथेच सगळं फसलं.

झालं असं की गल्लीत कुणाची तरी ऑटो अडली म्हणून पुष्कर गाडी सरकवायला बाहेर गेला. आत विजयाबाई पत्रिकांवर बोलत होत्या: अठ्ठावीस गुण जुळतात, असा जोड शोधूनही मिळायचा नाही. मी मान डोलावत होतो, पण कान खिडकीत. बाहेर स्टिअरिंग फिरलं आणि ऐकू आलं: कुंईऽऽ, टक्. माझा कप खाली आला आणि तोंडातून निघून गेलं, "हा जोड टिकत नाही."

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मला वाटलं, लोक लक्ष देऊन ऐकून राहिले. म्हणून नीट समजावलं. "आतून पुरा झिजला आहे. वरून दिसत नाही, पण मले आवाजावरून कळते. ओझं पडलं की रस्त्यातच सोडून देईल. आजच बदला. माझ्याकडे दुसरा तयार आहे."

विजयाबाई उभ्याच राहिल्या. "दुसरा तयार आहे? मग आमाले काहून बोलावलं, पोहे खायले?" संग्रामराव हिंदीवर आले (आपल्याकडे माणूस चिडला की हिंदीवर येतो), "चलो विजया. लड़का घिसा हुआ है अपना, सुन लिया न?" यामिनी ट्रे धरून दारात, ओठ घट्ट मिटून. तिला पहिल्याच वाक्यात सगळं कळलं होतं. काहून बोलली नाहीस विचारलं, तर म्हणते, "बाबा, मुझे देखना था आप कहाँ तक जाते हो."

मी मागे धावलो, "गाडी काढू नका!" त्यांना वाटलं, हा आता गाडीही ठेवून घेतो. गल्लीच्या तोंडाशी, चालत्या माणसाच्या वेगानं, पुष्करनं वळण घेतलं आणि पुढचं डावं चाक घडी घातल्यासारखं दुमडलं. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. दोन भेल्या तेवढ्या नालीत गेल्या. (हेच पुढे मोठ्या रस्त्यावर साठच्या वेगात झालं असतं तर? मी ते मनात आणत नाही, तुम्हीही आणू नका.) तिरप्या केबिनमधून विजयाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. खोटं काहून बोलू नाना, त्या क्षणी मला लग्नबिग्न काही आठवलं नाही. छाती फुगवून म्हणालो, "बघा! म्हटलं नव्हतं?"

दुकानातून सामान मागवून मी तिथेच, नव्या सदऱ्यानिशी, गाडीखाली शिरलो. शेजारी पुष्कर आडवा होऊन टॉर्च धरून होता. पस्तीस वर्षांत हजार मालक पाहिले. सगळे एकच विचारतात, आणखी किती दिवस चालेल. हा पोट्टा म्हणाला, "काका, दूसरी तरफ का भी बदल दें?" एका बाजूचा गेला की दुसरा फार दिवस राहत नाही, हे ज्याला न सांगता कळतं त्याला मी मुलगी डोळे मिटून देईन. पण विजयाबाई ऑटोत पाठ करून बसल्या होत्या. जाताना एवढंच म्हणाल्या, "मुलगी पाहाले आलो अन् चाकच बसलं. आता काय समजाव माणसानं?" आठ दिवस झाले. अभनपूरहून शब्द नाही.

बाकी घर, दुकान आणि सदरा सोडून सर्व कपडे ठीक.

तुमचा,
भास्कर

ता. क. यामिनीला मुलगा पसंत आहे. (मला नाही, आईला सांगितलं, भिंतीतून ऐकलं.) तेव्हा नाना, मोडला तो जोड गाडीचा होता, एवढं विजयाबाईंच्या गळी उतरवा. त्या तुमचं ऐकतात. लागलं तर हे पत्रच वाचून दाखवा.

आणखी ता. क. वाचून दाखवू नका. काढलेला जोड मी पुसून पाहिला तर त्यावर 'भा' ठोकलेला. मी बसवलेल्या प्रत्येक सामानावर ही खूण असते. दोन वर्षांपूर्वी त्यांचा ड्रायव्हर माझ्याच दुकानातून बसवून गेला होता. त्या खेपेचा माल कच्चा निघाला आणि तो मी पारखून घेतला नव्हता. तसे जोड तेवीस गाड्यांना लागले. या आठ दिवसांत एकोणीस शोधून बदलून दिले, चार अजून शोधून राहिलो. घरी कुणाला बोललो नाही.

शेवटचं ता. क. यामिनीनं आत्ता मागून वाचलं. म्हणते, "पुष्कर को तो उसी दिन पता था बाबा. टॉर्च उसी के हाथ में थी." त्यानं खूण वाचली, हिला सांगितली, आणि गाडी जपली नाही म्हणून आठ दिवस आईची बोलणी खाल्ली, पण माझं नाव घरात काढलं नाही. (यांचे फोन कधीपासून चालू आहेत, हा वेगळा विषय.) तुम्ही आता कुणाला काही सांगू नका. उद्या मीच तो जोड घेऊन अभनपूरला जातो आणि विजयाबाईंच्या हातात ठेवतो. तुम्ही मला एवढंच कळवा, अशा जावयासमोर सासऱ्यानं ऐटीत बसायचं कसं?