भिंतीवरचे तीन फोटो

१२ एप्रिल २००९, रवि.
युनिव्हर्सिटीचे प्रेसिडेंट साहेब गेले. बजेट कापलं म्हणून भांडले नि राजीनामाच. जूनपर्यंत थांबतो म्हणाले होते. त्यांचा फोटो मीच लावला, पहिल्या साहेबांच्या शेजारी. जरा तिरका बसलाय. सायन्सचे डीन डॉ. ह. तूर्त कार्यवाहक. चहात तीन चमचे साखर.

२५ मे, सोम.
कपातीची यादी आली. त्यात मी. शुभदा-रुचाचा इथला व्हिसा माझ्या नोकरीवर, रुचाची दहावी. डॉ. ह.नी यादी परत धाडली. "खलास. नॉट विथ माय सिग्नेचर." वर माझ्या काँट्रॅक्टवर सही, दोन वर्षं. धड थँक्यूही म्हणता आलं नाही.

२९ नोव्हें., रवि.
नवे प्रेसिडेंट हजर. डॉ. ह. परवाच खार्टूमला परतले. निरोप नाही, केक नाही. एअरपोर्टवर जायला हवं होतं. मी नव्या साहेबांची केबिन लावत बसलो. लाज वाटते.

८ मे २०११, रवि.
वर्धापनदिनाची पुस्तिका. 'आमचे प्रेसिडेंट' हे पान माझ्याकडे. चार नावं दिली.
साहेब: "ॲक्टिंग डझन्ट काउंट. थ्री."
मी: मधल्या महिन्यांचं काय?
"मेक द डेट्स मीट."
म्हणजे दुसऱ्या साहेबांना नोव्हेंबरपर्यंत खुर्चीत बसवायचं. माझं काँट्रॅक्ट २५ला संपतंय. नव्यावर सही यांचीच.

१० मे, मंगळ.
घरी सांगितलं. शुभदा: "तुम्हाला काय करायचंय? कोण वाचतंय ते पान? पोरीची बारावी आहे." खरंय तिचं. रुचा फोनमधून मान वर न काढता: "बट ही वॉज देअर, बाबा."

१६ मे, सोम.
एचआरच्या साजीचा फोन. "भाई, रिन्यूअल के लिए पुराना काँट्रॅक्ट भेजो, साइनवाला." काढलं. सही डॉ. ह.ची, खाली 'कार्यवाहक प्रेसिडेंट'. पुस्तिकेप्रमाणे तेव्हा हा माणूस नव्हताच. मग मी कोणाच्या सहीवर दोन वर्षं पगार घेतला?

१७ मे, मंगळ.
पुस्तिकेच्या पानाचं प्रूफ नि रिन्यूअल एकाच फोल्डरमध्ये ठेवून साहेबांकडे. प्रूफवर चार नावं. वर जुन्या काँट्रॅक्टची कॉपी. मुद्दाम. शुभदाला बोललो नाही.
तीन वाजता चहा घेऊन गेलो. फोल्डर उघडं. साहेबांचं बोट त्या सहीवर.
"हाऊ लाँग वॉज ही ॲक्टिंग?"
"साडेसात महिने, सर." मराठीतच निघून गेलं तोंडातून. मग इंग्रजीत सांगितलं.
साहेब पुन्हा वाचायला लागले. पेनला टोपण तसंच. मी दार ओढून बाहेर आलो.