खवले मांजराच्या रक्ताची उरलेली बाटली

मी, तारा गणपतराव दाणी, वय चौसष्ट, अविवाहित, प्राणिशास्त्राची निवृत्त अधिव्याख्याती, राहणार धंतोली, नागपूर, कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझे मन ठिकाणावर असल्याचे डॉ. इंदूबाईंनी तपासून सांगितले आहे. एका बाबतीत ते फार गोंधळलेले आहे, पण तो गोंधळ कायद्याच्या आड येत नाही, असे वकील बाबाराव म्हणतात.

१. घरातील माझा अर्धा हिस्सा धाकटा भाऊ वसंत यास मिळावा. बँकेतील शिल्लक मात्र त्याची पत्नी प्रेमलता हिला, तिच्या एकटीच्या नावे. फ्रिजही तिचाच. "वन्सं, त्या रक्ताशेजारी मी दही ठेवू तरी कशी?" असे ती वर्षानुवर्षे म्हणत आली, आणि तरी ठेवत आली.

२. ते रक्त म्हणजे काय, हे लिहिणे भाग आहे. खाप्याजवळच्या एका कोरड्या विहिरीत पडलेले खवले मांजर लोकांनी कॉलेजात आणून दिले होते. अंगभर खवले, तोंडात एकही दात नाही. कन्हान नदीच्या काठी सोडून देण्याआधी मी त्याचे थोडे रक्त काढून घेतले. सशाला कुत्र्याच्या रक्तातला द्रव टोचला की सशाचे रक्त ती प्रथिने ओळखायला शिकते. मग त्यासमोर दुसऱ्या प्राण्याचा द्रव ठेवला, तर नाते जितके जवळचे तितकी दोहोंच्या मध्ये पांढरी रेघ ठळक उमटते. हाडांवरून खवले मांजर इतर बिनदाती प्राण्यांच्या फांदीवर बसवत, म्हणून मला वाटले होते, त्याची रेघ उमटणारच नाही. गाय आणि उंदीर यांच्याशी ताडून पाहिले तेव्हा ती पुसट होती. कुत्र्याशी मात्र स्पष्ट उमटली. बिनदाताचा, मुंग्या खाणारा प्राणी कुत्र्या-मांजरांचा भाऊबंद! त्या रात्री मला जेवण गेले नाही.

तेव्हाचे विभागप्रमुख गोपाळराव ठवकर यांनी माझा निबंध पुढे पाठवला नाही. "हाडं खोटं बोलत नाहीत, ताराबाई. तुमच्या सशाले काय समजते?" मी नवे ससे घेऊन प्रयोग पुन्हा केला. या वेळी कुत्र्याची रेघही पुसटच आली. पहिली चूक की दुसरी, मला आजवर कळलेले नाही. तेव्हापासून कधी मला त्यांचा राग येतो, कधी माझा. गोपाळरावांनी निबंध अडवला, पण वाद घालायला दर रविवारी घरी येणे सोडले नाही.

३. भिंतीवरचा सस्तन प्राण्यांचा वंशवृक्ष माझी विद्यार्थिनी रुख्मिणी हिला द्यावा. आता तीच कॉलेजच्या प्रयोगशाळेत शिकवते. खवले मांजराची चिठ्ठी मी इतक्यांदा उपटून चिकटवली आहे की फांद्यांवरचा कागद सोलला आहे. तिला पटेल तिथे तिने ती लावावी.

४. बर्फाच्या कप्प्यात त्या रक्ताची एक बाटली शिल्लक आहे. एकदाच तपासता येईल एवढीच. वीज वारंवार जाते, त्यामुळे ती टिकली आहे की नाही, सांगता येत नाही. ती गोपाळरावांना द्यावी. रुख्मिणीचा माझ्यावर विश्वास आहे, म्हणून तिला नको. तिला रेघ दिसावीशी वाटेल. ज्याला ती दिसू नये असे वाटते, त्याने पाहावी. निकाल काय लागावा असे मला वाटते, ते मात्र मला लिहिता येत नाही.

५. एवढे लिहून झाल्यावर आज घडलेले नमूद करते. साक्षीदार म्हणून मी गोपाळरावांनाच बोलावले होते. त्यांनी पेन उघडताच बाबारावांनी हात धरला. "ज्याला काही मिळणार, त्याने साक्ष न केलेली बरी."

"म्हंजे मले काही देऊन राहिल्या काय?" गोपाळरावांनी विचारले.

मी चौथे कलम वाचून दाखवले. त्यांनी पेनाला टोपण लावले. मग म्हणाले, "मी तुमच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा आहे. तुमच्या मरायची वाट मी काहून पाहू? उद्या चला कॉलेजात. रुख्मिणीले मी सांगतो."

मी "हो" म्हटले की "नको", मला आठवत नाही. प्रेमलता म्हणते, मी हो म्हटले.

म्हणून चौथे कलम खोडलेले नाही. उद्या बाटली उघडली, तर ते रद्द समजावे. जो निकाल लागेल तो आम्हा दोघांचा राहील आणि त्याची वाटणी करू नये.

सही: तारा गणपतराव दाणी

आमच्यासमोर वाचून सही केली:
डॉ. इंदूबाई ढोबळे
नत्थूजी बोकडे, शेजारी

नागपूर, ९ फेब्रुवारी १९८४