शुक्रवारची खुर्ची

२ डिसेंबर १९८५, सोमवार

दिवाळीची सुट्टी संपली. शाळा उघडली आणि टपालात पहिलं काय, तर माजी विद्यार्थ्यांना धाडलेली आपलीच पोस्टकार्डं परत. तेवीस. 'या पत्त्यावर या नावाचे कोणी राहत नाही.' पोस्टमन हसत होता. "भाऊसाहेब, तुम्ही लिहीत जा, मी परत आणत जातो. दोघांची नोकरी पक्की." शाळेत मला सगळे भाऊसाहेबच म्हणतात. अठ्ठावीस वर्षं क्लार्क, त्याआधी इथलाच विद्यार्थी. मुलुंड सोडून कुठे गेलोच नाही.

अभ्यासिका आजपासून. खोली नं. ४, सोम. ते शुक्र., संध्या. ६ ते ८॥. दहावीची अडतीस पोरं. घरी दहा बाय बारात सात-आठ माणसं, वर शेजारचा टीव्ही. वाचणार कुठे? हेडसरांनी खोली दिली, दिवे दिले, अट एकच: रोज एक मोठं माणूस खुर्चीत बसलं पाहिजे. शिकवायचं नाही, नुसतं बसायचं. माणूस नाही तर कुलूप. शिक्षक दोन पाळ्या करून थकलेले, त्यांना सांगवत नाही. म्हणून माजी विद्यार्थी (यापुढे मा.वि.). त्यांना गोळा करणं माझं काम.

५ डिसें., गुरु.

मा.वि.ची सभा झाली तेव्हा अकरा जण आले होते. अकराही पुरुष. सगळ्यांनी बटाटेवडे खाल्ले आणि पाच जणांनी मोठ्या तोंडाने एकेक वार घेतला. मंगळवार पाटकरचा. आला नाही. काल देसाई. नाही. आजही कोणी नाही. पाटकरला बँकेत फोन केला. "दत्त्या, ओव्हरटाइम लागलाय यार. पुढच्या मंगळवारी नक्की." एका बाकावर शिकलो, त्याचं नक्की मला पाठ आहे.

चारही दिवस मीच बसलो. पोरं गुणी. एकाला झोप लागली. मलाही.

७ डिसें., शनि.

हेडसर म्हणाले, "रोज तुम्हीच बसणार असाल तर ही मा.वि.ची योजना कसली? तुम्ही आजारी पडलात की कुलूपच. जानेवारीअखेर पाचही वारांना पाच माणसं दाखवा. नाहीतर बंद करू." राग आला. खरं बोलले म्हणून जास्त.

घरी सौ.ने परत आलेली कार्डं पत्त्याच्या डावासारखी हातात धरली आणि एकेक वाचली. "अहो, ह्या सगळ्या मुलीच आहेत."

पाहतो तर खरंच. रजिस्टरात माहेरचं नाव, माहेरचा पत्ता. लग्न झालं की नाव गेलं, पत्ताही गेला. शाळेतून बाहेर पडलेल्यांत निम्म्या मुली आणि मा.वि.त एक नाही. मी स्वतः ही रजिस्टरं लिहिली, आणि माझ्या ध्यानात…

सौ. : "तुमका काय्येक कळणा नाय." तिची मालवणी बाहेर आली की आपण गप्प बसावं.

१५ डिसें., रवि.

युक्ती सुचली. जनरल रजिस्टरात प्रत्येकाच्या नावापुढे शाळा सोडण्याचं कारण आणि शेरा असतो. 'बोलका, परंतु प्रामाणिक.' 'गैरहजेरी फार.' स्वतःबद्दल शाळेने काय लिहून ठेवलंय, हे वाचायला कोणाला आवडणार नाही? नवीन कार्डं करायची: 'शाळेच्या रजिस्टरात आपल्या नावापुढे असे लिहिले आहे', खाली तो मजकूर जसाच्या तसा, आणि मग, 'आठवड्यातून एक संध्याकाळ आपल्या शाळेत येऊन बसाल का?'

दोन दिवसांत साठ लिहिली. मुलींची जुन्याच पत्त्यावर. माहेरचं कोणी असलं तर पुढे धाडतील. हात नुसता चालत होता. स्वतःवर फार खूष आहे.

२७ डिसें., शुक्र.

युक्ती लागू! पाटकर मंगळवारी कार्ड नाचवतच आला. "'हुशार, परंतु दिलेला शब्द पाळत नाही.' कोणी लिहिलं हे?" म्हटलं, तेव्हाच्या हेडसरांनी, मी फक्त उतरवलं. "माझ्या पोराने वाचलं रे! घरभर म्हणत फिरतोय!" तणतणत खुर्चीत बसला तो ८॥ ला उठला. काल परत फोन, मंगळवार कायमचा माझा. देसाईनेही बुधवार धरला (शेरा: 'मंदगती, परंतु चिकाटीचा').

उरले सोम., गुरु., शुक्र.

१६ जाने. १९८६, गुरु.

संक्रांतीपासून हळदीकुंकवं सुरू. सौ.ने सांगून टाकलं, "मुली मी शोधते. तुम्ही तिळगूळ वळा." वळतोय. जिथे जाईल तिथे एकच विचारते: माहेरचं आडनाव काय, शाळा कुठली. दोन दिवसांत आमच्या शाळेच्या चार सापडल्या. इकडे मी साठ कार्डं लिहिली आणि ही हातात तबक घेऊन…

गंमत म्हणजे बाजारातली हिराबाई. बारा वर्षं आमचं पापलेट तिच्याकडचं, आणि बाई आमच्या शाळेची! सौ.ने कुंकू लावता लावता विचारलं म्हणून कळलं. सातवीपर्यंत होती. कवितांमध्ये बक्षीस.

२० जाने., सोम.

हिराबाई आली. "सोमवारी म्हावरा कोन घेतंय? मी येतंय बसाला." दारात चपला काढल्या, खुर्चीला हात लावून नमस्कार केला आणि बसली. पोरं इकडेतिकडे बघून हसायला लागली तशी म्हणाली, "काय रं, वास येतंय? आंगोळ करून आलंय मी. वाचा गुमान." त्यानंतर दोन तास टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. पाटकरला जमलं नव्हतं.

गुरुवारी शैला येणार, ६९ सालची, आता नर्स आहे, तिला त्या दिवशी सकाळपाळी. फक्त शुक्रवार राहिला. मजेत आहे मी सध्या.

२५ जाने., शनि.

वाट लागली.

काल सौ. भांडुपला तिच्या मामेबहिणीकडे हळदीकुंकवाला गेली होती. तिथे एक राणेबाई, पूर्वाश्रमीची कुमुद गावडे, आमच्याच शाळेची. सौ.ने आनंदाने सांगितलं, आमचे हे शाळेत क्लार्क आहेत. बाई एकदम उठल्या. वाण घेतलं नाही. जाताना म्हणाल्या, "त्यांना सांगा, पोस्टकार्डाला झाकण नसतं."

सौ.ने सांगितलं आणि मी जेवण टाकून शाळेत आलो. रजिस्टर काढलं. कुमुद गावडे, १९६३. शाळा सोडण्याचे कारण: 'इ. नववीत नापास. विवाह ठरल्याने.' अक्षर माझं. तेवीस वर्षांपूर्वी मीच लिहिलं आणि डिसेंबरात मीच ते जसंच्या तसं उघड्या कार्डावर उतरवून टपालात टाकलं. माहेरच्यांनी पुढे भांडुपला धाडलं असणार. सासरी.

साठांतली बाकीची आठवत बसलो. आणखी कोणाला काय काय लिहिलं असेल मी. लाज वाटते आहे.

२६ जाने., रवि.

झेंडावंदन झाल्यावर तसाच भांडुपला. चाळीत दुसऱ्या मजल्यावर घर. सासूबाईंनी बसायला दिलं, चहाचं विचारलं. कुमुद ओट्याशी पाठ करून. मी म्हटलं, माझी चूक झाली, माफी मागायला आलोय.

मग पाठमोरीच म्हणाली, "खोटं लिहिलं असतंत तर भांडले असते. खरं लिहिलंत. काय बोलू?"

सगळं सासूबाईंकडून कळलं. लग्नात सांगितलं होतं मुलगी मॅट्रिक. घरात तसंच चालत आलं. सासूबाईंना वाचता येत नाही, कार्ड आलं तेव्हा नातीने मोठ्याने वाचून दाखवलं. नात सुजाता, यंदा दहावीला, भांडुपच्याच शाळेत. नवरा दोन दिवस बोलला नाही, मग हसला आणि विसरला. सासूबाईंना तर काहीच वाटलं नाही. "मी कुठे गेले शाळेत?" पण पोरगी विसरत नाही. आई अभ्यासाला बस म्हणाली की ती म्हणते, तू कुठे पास झालीस?

मी उठलो. तेव्हा कुमुद वळली. "शाळा सोडताना दाखला तुम्हीच दिला होतात मला. तेव्हा पण मान वर केली नव्हती तुम्ही."

आठवत नाही मला. तेच जास्त लागलं.

३१ जाने., शुक्र.

महिना संपला. हेडसरांना चार नावं दाखवली. पाचवं? म्हटलं, माझं लिहा. "तुमचं चालणार नाही असं ठरलंय. बरं, दोन शुक्रवार थांबतो. मग शुक्रवारी बंद." एक वार बंद झाला की बाकीचे टिकत नाहीत, हे त्यांनाही ठाऊक आहे.

सौ. : "मी जाऊन येते भांडुपला."
"कशाला? आणखी लाज घालवायला?"
"माफी मागून काय होतं? तुम्ही माफी मागितलीत म्हणजे तिने तुम्हाला काहीतरी द्यायचं. मी तिला काम देते."

३ फेब्रु., सोम.

सौ. काल जाऊन आली. कुमुद म्हणाली, "नापास बाई दहावीच्या मुलांपुढे बसून काय करणार?" ही म्हणाली, "खुर्ची धरायची आहे, गणित नाही शिकवायचं. तुझ्या घरात जागा आहे का मुलीला अभ्यासाला? नाही ना. तशीच ती अडतीस."

पुढे? "बघते म्हणाली." या वेळी वाण घेतलं का विचारलं. घेतलं. चहाची गाळणी.

७ फेब्रु., शुक्र.

पावणेसहा. मीच कुलूप काढलं, मीच बसणार होतो. सहाला पाच कमी असताना कुमुद दारात. निळी साडी, हातात पिशवी. माझ्याकडे न बघता, "कुठे बसायचं?"

खुर्ची दाखवली, किल्ली दिली आणि बाहेर पडलो. व्हरांड्यात घुटमळलो, हे खरं. अर्ध्या तासाने शिंदे नावाचा मुलगा वही घेऊन तिच्यापुढे उभा. "बाई, हे समीकरण सुटत नाही." पोरांना सांगायला विसरलो होतो की बसणारा शिकवत नाही.

कुमुदने वही घेतली, नीट पाहिली. "मला येत नाही रे. मी नववीत नापास झाले होते, गणितातच. तू कुठपर्यंत आलायस ते मला समजावून सांग." शिंदे सांगायला लागला. तिसऱ्या ओळीत ती म्हणाली, "थांब, हे उणे कुठून आलं?" शिंदेने पाहिलं. "अरे हो की!" आणि पळाला जागेवर.

८॥ ला किल्ली माझ्या टेबलावर ठेवली. "पुढच्या शुक्रवारी पण यायचं आहे ना?"

हेडसरांना पाचवं नाव दिलं. घरी येऊन सौ.ला सगळं दोनदा सांगितलं. ती म्हणाली, भात निवतोय.

१४ फेब्रु., शुक्र.

शुक्रवारची खोली सगळ्यांत गोंगाटाची. पोरं रांग लावून बाईंना गणित समजावून सांगतात. ती प्रत्येक पायरीला "का?" विचारते आणि सांगणाऱ्याचीच चूक सापडते. हेडसर डोकावून गेले. मला वाटलं, शांततेबद्दल बोलतील. म्हणाले, "ह्या बाई कुठे शिकवतात?"

आज सुजाताही आली होती. आपली शाळा वेगळी म्हणून दाराजवळच्या बाकावर अंग चोरून बसली. शिंदे तिच्या आईला समजावत होता तेव्हा मान वर करून बघत होती. मग मधेच, "आई, असं नाही गं, थांब, मी सांगते." बस. एवढंच झालं.

२८ फेब्रु., शुक्र.

परीक्षेआधीचा शेवटचा शुक्रवार. हिराबाई, शैला, देसाई सगळे आले, पाटकरसुद्धा (मंगळवार नसताना!). पोरांना पेनं दिली. पुढच्या वर्षी वार कोण कुठला घेणार यावर भांडणं. हिराबाई सोमवार सोडायला तयार नाही.

सगळे गेल्यावर कुमुद ऑफिसात आली. "माझं पान दाखवता?"

काढून दिलं. उभ्यानेच वाचलं. कारणाच्या रकान्यात त्या ओळीच्या पुढे थोडी जागा कोरी आहे, तिथे बोट ठेवलं. "इथे पुढे काही लिहिता येतं?"

मी म्हटलं, नाही, दाखला दिला की नोंद बंद होते. वाईट वाटलं सांगताना. पण खोटं काय सांगणार?

"बाहेरून बसतात त्यांचा फॉर्म असतो ना?"

सतरा नंबरचा. शाळेतूनच भरतात. जुलैच्या आसपास येईल. वयाची अट नाही. एका दमात सांगितलं मी, आणि या वेळी मान वर करून.

"भरीनच असं नाही म्हणत मी. सुजाताचा निकाल लागू दे. घरी विचारायला हवं. गणित आहेच." पिशवी उघडून एक कोरं पोस्टकार्ड काढलं. स्वतःच्या हाताने पत्ता लिहिलेला. सौ. कुमुद राणे, भांडुप. "फॉर्म आला की कळवा."

मी म्हटलं, पाकिटात घालून पाठवतो.

"नको. कार्डावरच लिहा. मोठ्या अक्षरात. सुजाता वाचून दाखवेल सगळ्यांना."

१ मार्च, शनि.

अर्धा दिवस. खोली नं. ४ झाडून घेतली, खुर्ची भिंतीला लावून ठेवली.

कुमुदचं कार्ड ऑफिसच्या कॅलेंडरला जुलैच्या पानावर टाचलंय. मागची बाजू कोरी. काय लिहायचं ते सकाळपासून तीनदा ठरवून झालं.