कोल्ह्यासाठी तळलेला टोफू

मिसाए सूनबाई,

नाराला जायचा आपला बेत रविवारचा होता, पण मी आजच एकटा पुढे निघालोय. फ्रीजमधला तळलेला टोफू शोधत बसू नकोस, तो मी घेतलाय. सूपमध्ये मुळा घाल. मांजराचं खाऊन झालंय. ते नाही म्हणेल, ऐकू नकोस.

माझ्या लेकाने, तोशिहिकोने, बेत झकास आखलाय. सकाळी मोठा बुद्ध, मग हरणं, दुपारी पानात गुंडाळलेली सुशी. शेवटी मात्र ‘बाबांना एक बाग दाखवू’ आहे ना, तिथे म्हाताऱ्यांना राहायला ठेवतात. नुसती बाग बघायला जाताना कोणी माझ्या औषधांची नावं विचारून घेत नाही.

गेल्या महिन्यात मी घराची वाट विसरलो म्हणे! अगं, देवळामागच्या कोल्ह्याने गल्लीच उलटी फिरवून ठेवली होती. तू हसलीस, तोशिहिको हसला नाही. म्हणून आज टोफू बरोबर आहे, कोल्ह्यांचा त्यावर भारी जीव. कोल्हा आडवा आलाच, तर त्याच्या तोंडात कोंबतो.

नाराच्या हरणांची नि माझी जुनी ओळख. बुद्धाच्या देवळातल्या खांबाच्या आरपार भोकातून सरपटत जाताना मी तरुणपणी अडकलो, तेव्हा मागून ढुशी देऊन त्यांनीच मला बाहेर काढलं. त्यांना वाकून नमस्कार करतो, बिस्किटं चारतो आणि परत येतो. आलो, तर पुन्हा त्या बागेचं नाव काढायचं नाही, असं तोशिहिकोला सांग.

माझी वाटी आणि जेवायच्या काड्या नेहमीच्या जागी मांड.

आणि अंधार पडायच्या आत दारातला दिवा तेवढा लाव. कोल्ह्यांचा नेम नाही.

बाबा